एकाच घरातली दोन दुःखे

आरोग्याच्या सदरात कादंबरीचे काय काम, असा प्रश्न आज काही वाचकांना पडेल. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, पावसाळ्यातले ताप हे अशा सदरांचे नेहमीचे विषय. परंतु मनाचेही आरोग्य असते, आणि मनाच्या काही दुखण्यांविषयी माणूस डॉक्टरकडे बोलत नाही, घरात बोलत नाही, जिवलग मित्रापाशीही बोलत नाही. अशी दुखणी पुष्कळदा प्रथम कथा-कादंबऱ्यांतूनच शब्दांत येतात.

आपल्या भागाला वाचनाची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ग्रंथालयातून आणलेले पुस्तक आपल्याकडे घरातली दोन-तीन माणसे तरी वाचतात. रात्री मुलगा वाचतो, दुपारी तेच आई वाचते. पण पुस्तकातला विषय नाजूक असला, तर दोघांपैकी कोणीही त्याचे नाव काढत नाही. आज अशाच एका मराठी कादंबरीतील एका पात्राविषयी बोलू. पात्र काल्पनिक आहे, पण त्याची अडचण आपल्या ओळखीच्या कुठल्याही घरात असू शकते.

कादंबरीचे नाव ‘कोबाल्ट ब्लू’. लेखक सचिन कुंडलकर. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून ते आपल्याला परिचित झाले. विशीच्या सुरुवातीला लिहिलेली त्यांची ही कादंबरी मौज प्रकाशनाने २००६ साली प्रसिद्ध केली. २०१३ साली जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ साली लेखकाने स्वतः तिच्यावर हिंदी चित्रपट काढला. चित्रपटातली गोष्ट कोचीत घडते. मूळ कादंबरीतले घर मात्र पुण्याचे, जोशी नावाच्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे.

गोष्ट थोडक्यात

जोशांच्या घरात आई, वडील, थोरला मुलगा असीम, धाकटा तनय आणि मुलगी अनुजा. घरातली वरची खोली भाड्याने दिली जाते आणि तिथे एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो. एकटा, चित्रकलेत रमणारा, मनाला येईल तसे जगणारा. कादंबरीभर त्याचे नाव येत नाही. तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि दोघांत जवळीक निर्माण होते. घरात कोणाला याचा पत्ता नसतो. मग एके दिवशी तो तरुण अनुजाबरोबर घरातून निघून जातो. काही महिन्यांनी अनुजा एकटी परत येते. तिलाही तो सोडून गेलेला असतो.

कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात तनय निघून गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणून उद्देशून बोलतो. दुसऱ्या भागात अनुजा रोजनिशी लिहावी तसे आपले सांगते. एकाच माणसावर भाऊ आणि बहीण या दोघांनी प्रेम केले आणि दोघांनीही त्याला गमावले, एवढीच ही कथा. वाचताना आपण कोणाची बाजू घ्यावी हे लेखक सांगत नाही. त्यामुळे वाचक म्हणून आपल्याला तनयच्या मनात डोकावून पाहायला मोकळीक मिळते.

मनाच्या गरजा

अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली माणसाच्या गरजांची एक चढती मांडणी केली. अन्न, पाणी, झोप या शरीराच्या गरजा प्रथम. त्यानंतर सुरक्षितता. मग प्रेम व आपलेपणा. त्यानंतर मान, म्हणजे इतरांनी दिलेला आणि स्वतःला स्वतःविषयी वाटणारा. आणि शेवटी आपल्या अंगी जे आहे ते पूर्णपणे फुलावे ही ओढ. ही मांडणी पायऱ्यांच्या क्रमानेच चालते असे आज कोणी काटेकोरपणे मानत नाही, पण गरजांची ही यादी समजायला सोपी आणि उपयोगी आहे.

आता ही यादी तनयला लावून पाहा. त्याला दोन वेळचे जेवण आहे, डोक्यावर छप्पर आहे, शिक्षण आहे. आई-वडील दुष्ट नाहीत. बाहेरून पाहणारा म्हणेल, या मुलाला कमी काय आहे? परंतु दुसऱ्या पायरीपासूनच त्याचे अडते. आपण कोण आहोत हे कळले तर हे छप्पर राहील का, याची त्याला खात्री नाही. म्हणजे सुरक्षितता अर्धीच. घरात माया आहे, पण ती माया ज्या मुलावर आहे तो मुलगा पूर्णपणे तनय नाही. घरच्यांना दिसणारा तनय आणि प्रत्यक्षातला तनय यांत अंतर आहे, आणि ते अंतर त्याला रोज सांभाळावे लागते. मानाचे तसेच. खोटे बोलून मिळालेला मान मनाला लागत नाही.

अशा मुलाच्या आयुष्यात वरच्या खोलीतला तरुण येतो, तेव्हा नेमके काय होते? केवळ शारीरिक आकर्षण एवढाच त्याचा अर्थ लावणे चूक ठरेल. कोणीतरी आपल्याला आहे तसे पाहिले, आपल्याशी बोलताना काही लपवावे लागले नाही, एका खोलीत तरी आपण पूर्ण आहोत, हा अनुभव तनयला पहिल्यांदा मिळतो. ज्याला हे आधीपासून मिळाले आहे, त्याला त्याची किंमत कळत नाही. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नटूनथटून आलेल्या तरुण-तरुणींची गर्दी होते. कोण कोणाकडे पाहते, कोण कोणाची वाट पाहते, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याचे सगळ्यांना कौतुकही असते. त्या गर्दीत एखादा मुलगा असा असतो की त्याचे लक्ष कुठे आहे हे त्याने कोणालाही कळू द्यायचे नसते. मित्र एखाद्या मुलीवरून चिडवतात तेव्हा तोही हसतो. असे हसण्याची सवय त्याला शाळेपासून झालेली असते.

आणखी एक धोका इथे लक्षात घ्यावा. ज्याच्या सर्व मानसिक गरजा एकाच माणसाकडून पूर्ण होतात, त्याचे सगळे आयुष्य त्या एका माणसावर तोललेले असते. मित्र, भावंडे, शेजारी, सहकारी असे अनेक आधार असतील तर एक निखळला तरी माणूस उभा राहतो. तनयला दुसरा आधार नव्हता. म्हणून तो तरुण निघून गेला तेव्हा प्रियकर तर गेलाच, शिवाय मोकळेपणाने श्वास घेण्याची एकमेव जागाही गेली.

दुःख करण्याचा हक्क

अनुजा घरातून निघून जाते तेव्हा घर हादरते. ती परत येते तेव्हा पुन्हा हादरते. लोक काय म्हणतील ही चिंता, राग, लाज सगळे असते. पण तिला काही झाले आहे, ही गोष्ट तरी घराला मान्य असते. तिच्या दुःखाला नाव आहे. ती रडली तर का रडते हे विचारण्याची गरज नाही.

तनयचे काय? त्याचाही प्रियकर गेला आहे, तोही त्याच दिवशी, त्याच घरातून. शिवाय तो सख्ख्या बहिणीबरोबर गेला आहे. पण त्याने जेवणाच्या वेळी जेवायचे, पाहुणे आले की बसायचे, बहिणीच्या काळजीत घरच्यांना साथ द्यायची. त्याचे दुःख घराला माहीतच नाही, तेव्हा त्याचे सांत्वन करणार कोण?

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाला एक नाव दिले. मराठीत त्याला ‘हक्क नाकारलेले दुःख’ म्हणता येईल. जे नाते समाज मानत नाही, ते तुटल्याचे दुःखही समाज मानत नाही. अशा माणसाला कोणी भेटायला येत नाही, रजा मिळत नाही, रडायला खांदा मिळत नाही. परिणामी दुःख दबून राहते आणि दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. झोप उडते, भूक मरते, अभ्यासातून किंवा कामातून लक्ष जाते, चिडचिड वाढते, डोके किंवा पोट सतत दुखते. डॉक्टर तपासतात, रिपोर्ट नॉर्मल येतात. कोणी दारूकडे वळतो. काहींच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ लागतात.

घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी अचानक गप्प झाली, खायची-प्यायची बंद झाली आणि कारण सांगत नाही, असे दिसले तर ‘काही नाही, वयच तसे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. कारण सांगता न येण्याजोगे असू शकते, ही शक्यता मनात ठेवावी.

ओळख कशी घडते

समलिंगी कल म्हणजे आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी प्रेम व आकर्षण वाटणे. हा कल माणूस निवडत नाही. तो संगतीने लागत नाही, चित्रपट पाहून किंवा कादंबरी वाचून लागत नाही, आईने फार लाड केले किंवा वडील कडक होते म्हणूनही तयार होत नाही. त्याचे एकच एक कारण विज्ञानाने सांगितलेले नाही. जन्मापूर्वीचे जैविक घटक व इतर अनेक गोष्टी मिळून तो घडतो, असे आजचे मत आहे. बहुतेकांना वयात येताना किंवा त्याच्या आसपास त्याची जाणीव होते.

मात्र कल असणे आणि तो स्वतःची ओळख म्हणून स्वीकारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिव्हियन कॅस या ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली या प्रवासाचे सहा टप्पे सांगितले. प्रथम संभ्रम : ‘मी तसा असेन का?’ मग इतरांशी तुलना आणि एकटेपणा. मग ‘बहुधा मी असाच आहे’ असे नाइलाजाने सहन करणे. त्यानंतर स्वीकार. पुढे आपल्यासारख्यांविषयी अभिमान. आणि अखेरीस ही ओळख आपल्या व्यक्तिमत्त्वाचा एक भाग होऊन बसते, जशी आपली भाषा, गाव, आवडीनिवडी असतात तशी. प्रत्येक जण याच क्रमाने जातो असे नाही. कोणी मध्येच थांबतो, कोणी मागे येतो.

तनय स्वतःच्या मनात बराच पुढे आलेला आहे. आपल्याला कोण आवडते याविषयी तो स्वतःशी खोटे बोलत नाही. अडचण आहे ती मनाबाहेरच्या जगात. घराच्या माजघरात तो पहिल्या टप्प्यावरही जाऊ शकत नाही, कारण तिथे या गोष्टीला शब्दच नाही. मनातली ओळख आणि बाहेरची ओळख यांची अशी फारकत वर्षानुवर्षे सांभाळण्यात माणसाची फार शक्ती खर्च होते. अल्पसंख्य म्हणून जगताना सतत सावध राहावे लागण्याचा जो ताण असतो, तो या गटातल्या नैराश्याचे एक प्रमुख कारण आहे, असे इलान मेयर या संशोधकाने १९९५ पासूनच्या आपल्या लेखनात मांडले. दुखणे प्रेमात नसते. ते दडवावे लागण्यात असते.

अनुजाकडेही पाहायला हवे. मुलीने कसे असावे याविषयीच्या घरच्या अपेक्षांत तीही बसत नाही. मनासारखे जगण्याची तिची ओढ आणि तनयची ओढ यांत फार फरक नाही. पण आपण दोघे एकाच वाटेवर आहोत हे त्या भावंडांना एकमेकांना सांगता येत नाही, आणि वाचक म्हणून आपल्याला त्याचीच सर्वांत जास्त हळहळ वाटते.

हा आजार आहे काय?

नाही. हे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे, कारण सुशिक्षित घरांतही याविषयी गैरसमज आहेत.

एकेकाळी वैद्यकशास्त्र समलिंगी कलाला विकृती मानत होते. १९५७ साली इव्हलिन हूकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि नावे झाकून त्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या. यातले समलिंगी कोण, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. मानसिक स्वास्थ्यातही दोन्ही गट सारखेच निघाले. पुढे १९७३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी कल आजारांच्या यादीतून काढला. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच केले. आपल्याकडे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हा आजार नाही असे जाहीर केले.

कायद्याची वाट वळणावळणाची झाली. भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ इंग्रजांच्या काळातले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू नसल्याचे सांगितले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला. ‘कोबाल्ट ब्लू’ प्रसिद्ध झाली तेव्हा, म्हणजे २००६ साली, तनयचे प्रेम कायद्याच्या दृष्टीने गुन्हा होते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला.

‘उपचार करून मुलगा सुधारून देतो’ असे सांगणारे काही जण भेटतात. औषधे, विजेचे झटके, संमोहन, उपास-तापास, लग्न असे नाना उपाय सुचवले जातात. यांपैकी कशानेही कल बदलत नाही. नैराश्य आणि अपराधीपणा मात्र वाढतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली अशा ‘रूपांतर उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. म्हणजे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते.

वर्तमानपत्रातून असे लिहावे का, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी एक जुनी आठवण. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात ते सरळ उत्तरे देत. अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक थांबले नाही. लोकांना प्रश्न पडतात तर उत्तर दिले पाहिजे, ही भूमिका महाराष्ट्रात इतकी जुनी आहे.

दोन खोल्यांच्या घरात

जोशांच्या घरात निदान वरची एक खोली होती. आपल्याकडे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत असंख्य कुटुंबे दोन खोल्यांत किंवा वन-रूम-किचनमध्ये राहतात. फोनवर बोलायचे तर गॅलरीत किंवा जिन्यात जावे लागते. सकाळी लोकलच्या गर्दीत आणि रात्री घरच्या गर्दीत दिवस संपतो. स्वतःशी बोलायला जागा नाही, तिथे स्वतःविषयी दुसऱ्याशी काय बोलणार?

त्यातच पंचविशी उलटली की ‘लाडू कधी देताय?’ सुरू होते. वधू-वर सूचक मंडळात नाव जाते, कांदेपोह्यांचे कार्यक्रम ठरतात. मुलगा आज नको, उद्या पाहू म्हणत राहतो. मुलीची अवस्था याहून बिकट असते, कारण तिला नाही म्हणण्याची मुभा त्याहून कमी. शेवटी आईच्या रक्तदाबाखातर किंवा वडिलांच्या निवृत्तीआधी म्हणून लग्न लागते. लग्न झाले की सारे सुरळीत होईल अशी घरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तीन आयुष्यांची ओढाताण होते. मुलाची, त्याच्या बायकोची आणि ज्याच्यावर त्याचे प्रेम आहे त्याची. परक्या घरातून आलेली मुलगी आपल्यातच काही कमी आहे असे मानून वर्षे काढते. तिचा यात काय दोष? माहीत असूनही असे लग्न लावून देणे हा त्या मुलीवर अन्याय आहे, हे दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी ओळखावे.

आई-वडिलांनी काय करावे

एखाद्या रात्री मुलगा किंवा मुलगी समोर बसून सांगते, ‘मला काहीतरी बोलायचं आहे.’ त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे फार मोलाची असतात. आई-वडिलांना धक्का बसणे स्वाभाविक आहे. रडू येईल, राग येईल. परंतु त्या क्षणी निदान तीन गोष्टी टाळाव्यात. घराबाहेर काढण्याची भाषा करू नये. जिवाची किंवा आजारपणाची धमकी देऊ नये. आणि दुसऱ्या कोणाला, मग तो मामा असो की काका, मुलाच्या परवानगीशिवाय सांगू नये.

काहीच सुचले नाही तर एवढेच म्हणावे : ‘मला हे समजायला वेळ लागेल, पण तू आमचाच आहेस.’ अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुटुंबाने कठोरपणे झिडकारलेल्या समलिंगी तरुणांत आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, फारसे न झिडकारलेल्यांच्या तुलनेत, आठ पटींहून अधिक आढळले. घरच्यांच्या एका वाक्याचे वजन किती असते, हे यावरून लक्षात यावे. सगळे लगेच पटलेच पाहिजे अशी अपेक्षा नाही. दार बंद होऊ नये, एवढेच पाहायचे.

आई-वडिलांनाही आधार लागतो. नातवंडांचे स्वप्न, समाजात ताठ मानेने वावरण्याची इच्छा, मुलाच्या म्हातारपणाची काळजी हे सगळे खरे असते. त्यांनीही समुपदेशकाशी बोलावे. यात कमीपणा काही नाही.

तरुण वाचकांना दोन शब्द

तनयसारखी कोणाची कुचंबणा होत असेल तर पहिली गोष्ट ही की आपण आजारी नाही आणि एकटेही नाही. दुसरी, सांगण्याची घाई करू नका. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसापासून सुरुवात करा. ती बहीण असेल, मित्र असेल, शिक्षक असतील. शिक्षण किंवा पोट घरच्यांवर अवलंबून असेल आणि घरचे वातावरण धोक्याचे असेल, तर आधी स्वतःच्या पायावर उभे राहणे शहाणपणाचे. तिसरी, सगळा भार एकाच नात्यावर टाकू नका. मित्र, छंद, काम, व्यायाम हे आधार वाढवत राहा. चौथी, अनोळखी माणसांना भेटताना सावध राहा. फसवणूक आणि धमकावून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. असे झाले तर पोलिसांकडे जाता येते. २०१८ नंतर समलिंगी असणे हा तुमचा गुन्हा ठरत नाही, धमकावणे मात्र गुन्हाच आहे.

आणि मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका, आजच कोणाशी तरी बोला. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था आहे, आणि १९०१ पासूनचे शासकीय मनोरुग्णालयही आहे. समुपदेशकाकडे गेल्यावर ‘कल बदलून द्या’ असे म्हणायचे नसते. ‘मला झोप येत नाही, मन लागत नाही, घरी कसे सांगू ते कळत नाही’ एवढे म्हणावे.

नेहमी पडणारे काही प्रश्न

प्रश्न : मुलगा बायकी वागतो, म्हणजे तो समलिंगी आहे का?
उत्तर : तसे म्हणता येत नाही. चालणे-बोलणे वेगळे, आकर्षण वेगळे. आणि आपण पुरुष आहोत की स्त्री, ही आतली जाणीव आणखी वेगळी. तिच्याशी संबंधित प्रश्न तृतीयपंथी व्यक्तींचे आहेत. या तिन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

प्रश्न : वय वाढले की हे आपोआप जाते का?
उत्तर : वयात येताना काही मुला-मुलींना तात्पुरते आकर्षण वाटते आणि ते मागे पडते. पण ते टिकून राहिले, तर वाट पाहून किंवा लग्न लावून ते जात नाही.

प्रश्न : अशी पुस्तके मुलांनी वाचली तर त्यांच्यावर परिणाम होईल का?
उत्तर : कादंबरी वाचून कोणाचा कल बदलत नाही. ज्याचा कल आधीच तसा आहे त्याला आपण एकटे नाही हे कळते, आणि ज्याचा नाही त्याला शेजारच्याचे दुःख कळते. पुस्तक प्रौढांसाठी आहे, एवढे मात्र पाहावे.

शेवटी

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातली मित्रा साकारली. मुलीवर प्रेम करणारी ही मुलगी अखेर आयुष्य संपवते. त्या काळी तिच्यासमोर दुसरी वाट दिसत नव्हती. पंचवीस वर्षांनी आलेला तनय जगतो, आठवतो, स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतो. मराठी साहित्याने मधल्या काळात एवढा पल्ला गाठला आहे. पण तनय ज्याला सांगतो तो माणूस निघून गेलेला आहे, आणि खालच्या मजल्यावर बसलेल्या आई-वडिलांना आणि बहिणीला त्यातले काही ऐकू येत नाही.

ही कादंबरी हाती आली तर जरूर वाचा. वाचून झाल्यावर ती कपाटात न ठेवता घरात दिसेल अशा जागी ठेवा. आणि कोणी विचारले, ‘कशी आहे?’ तर चांगली आहे म्हणा, तूही वाच म्हणा. तुमच्या घरात एखादा तनय असेल, तर बोलायला सुरुवात करण्यासाठी त्याला तेवढेही पुरेल.